दिवस मावळला तरी रस्ता आपलाच आहे

२०२४ चा पावसाळा सरला आणि मांडवगण फराट्यात बिबट्याने लहान लेकराचा जीव घेतला. त्याच हिवाळ्यात शेजारच्या पिंपळसुटीत चार वर्षांची मुलगी गेली. पुढच्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याच शिरूर तालुक्याच्या वरच्या अंगाला पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. एक पाच वर्षांची पोर, एक सत्तरीतली आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांचा धीर सुटला. वनखात्याची गाडी पेटवली गेली, ३ नोव्हेंबरला मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, शेवटी नेमबाज बोलवावे लागले. त्याच दिवसांत पिंपरखेडच्या बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले. लांडग्या-बिबट्यापासून राखायला मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात जो पट्टा घालतात, तो त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला आणि त्या खुरपायला गेल्या.

त्यांचे फोटो साऱ्या देशाने पाहिले. कुणी हळहळलं, कुणी पुढे पाठवून मोकळं झालं. आपल्याला मात्र तसं मोकळं होता येणार नाही, कारण ज्या उसातून त्या बाया चालत होत्या तोच ऊस आपल्या दारात उभा आहे. भीमेच्या अलीकडे मांडवगण, इनामगाव, वडगाव रासाई, सादलगाव. पलीकडे दौंडची गावं. मधे नदी, आणि नदीच्या दोन्ही अंगांना मैलोन्मैल ऊस. आपण काय करणार आहोत?

मला ठाम वाटतं ते आधीच सांगून टाकतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपण घाबरायला शिकलो, सावध राहायला शिकलो नाही. संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडतात. पोरींची क्लासची वेळ बदलण्याऐवजी क्लासच बंद होतो. म्हातारी माणसं देवळात यायची थांबली. आणि जी माणसं बाहेर पडतात, ज्यांना पडावंच लागतं, ती मात्र पूर्वीसारखीच मान खाली घालून, कानात गाणं लावून, एकटी पडतात. म्हणजे भीतीने आपलं जगणं आखडलं आणि संकट आहे तिथंच राहिलं. हे उलटं करायचं आहे. बाहेर पडायचं, रस्ते सोडायचे नाहीत, पण डोळे आणि कान उघडे ठेवून पडायचं, आणि एकट्याच्या हुशारीवर न विसंबता गावाने मिळून भान ठेवायचं.

आधी बिबट्याचंच नीट बोलू. तो चार दिवसांचा पाहुणा आहे, पिंजरा लावला की संपला, ही समजूत सोडावी लागेल. भीमेवर बंधारे झाले, कालव्यांचं पाणी आलं, बाजरी-ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने शेतात उभं असलेलं, आत गार, बाहेरून काही दिसू न देणारं हे पीक बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला फार सोयीचं. उसातच जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच रान. डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात वर्षानुवर्षं बिबट्यांचा अभ्यास केला. त्यांना तिथल्या शेतीवाडीत, दाट मानवी वस्तीत, शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे आढळले. आणि ते जगत होते प्रामुख्याने कशावर? गावच्या कुत्र्यांवर. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात बिबटे पकडून लांब नेऊन सोडण्याचा सपाटा लागला होता. जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, हेही अभ्यासातून पुढे आलं. म्हणून ‘सगळे धरा आणि सोडा कुठंतरी’ ही मागणी ऐकायला बरी वाटली तरी ती दुसऱ्या एखाद्या गावच्या लेकराच्या जिवावर उठते.

याचा अर्थ खात्याला सूट द्यायची असा कुणी काढू नये. माणसावर हल्ला करणारा बिबट्या त्या परिसरातून तातडीने हललाच पाहिजे, पिंजरा मागायला दहा हेलपाटे घालायची वेळ येता कामा नये. गेलेल्या जिवाची पंचवीस लाखांची भरपाई हा सरकारचा उपकार नाही आणि त्याने प्रश्न मिटतही नाही. रात्रीच्या विजेचं तर बोलायलाच नको. शेतकऱ्याला दिवसा वीज देऊ अशा घोषणा आपण कित्येक वर्षं ऐकतो आहोत, सौर कृषी वाहिनीच्या योजना आल्या, आणि तरी कित्येक वस्त्यांवर आजही थ्री फेजची पाळी रात्रीच येते. बिबट्याच्या पट्ट्यात दिवसा वीज ही सोय म्हणून मागायची गोष्ट उरलेली नाही, तो जिवाचा प्रश्न आहे. ही मागणी रेटत राहायची. पण ती मान्य होईपर्यंत आज रात्री दारं धरायला कोण जाणार आहे, तो कसा जाणार आहे, हे आपल्याच हातात आहे.

त्या माणसाबरोबर थोडं चालून बघू. रात्रीचे साडेअकरा. लाईट आली. तो अंगावर स्वेटर चढवतो, मोबाईलची बॅटरी लावतो, पायात स्लीपर, आणि झोप जावी म्हणून कानात हेडफोन. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. बॅटरीचा उजेड पायापुढच्या दोन हातांवर, कारण सापाची भीती. घरचं कुत्रं मागे येतं. स्टार्टरच्या पेटीपाशी पोचल्यावर तो बटण दाबतो, पाइपातून पाणी आलं का ते बघतो, फावडं घेतो आणि सरीत बारं द्यायला वाकतो.

धोक्याची घडी ती, वाकण्याची. उभं माणूस बिबट्याच्या अंदाजात बसत नाही. उंच असतं, हलतं, आवाज करतं. वाकलेला, बसलेला, खुरपणारा, परसाकडेला बसलेला माणूस किंवा लहान मूल मात्र त्याच्या नजरेच्या उंचीत येतं. हल्ला बहुतेक मागून, मानेवर होतो. आपल्या माणसाने वाटेत काय काय सोडून दिलं ते पाहा. कुत्रं शेवटच्या बांधावर अडलं होतं, पुढे येईना, शेपटी पोटाखाली. त्याने मागे वळून पाहिलंच नाही. नदीच्या अंगाला टिटवी एकसारखी ओरडत होती, ती कानातल्या गाण्यात ऐकू आली नाही. पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प झाली, तेही नाही. आपल्या आज्या-आजोबांनी हे सगळं वाचलं असतं आणि ते तिथूनच माघारी फिरले असते. धनगराचं पोर आजही वाड्यावर हेच करतं, मेंढ्या कान टवकारून एका अंगाला बघायला लागल्या की ते उठून बसतं.

म्हणून रात्री शेतात जाताना दोघांनी जा. कान मोकळे ठेवा. गाणं ऐकायचंच असेल तर ते मोठ्याने वाजू द्या, बिबट्यालाही कळू द्या की माणूस येतोय. चांगली बॅटरी घ्या आणि ती अधूनमधून गुडघ्याच्या उंचीवर चारी अंगांना फिरवा, डोळे चमकतात. वाकण्याआधी उभं राहून एकदा सभोवार बघा. हातात काठी असू द्या, काठीला घुंगरू असेल तर आणखी चांगलं. कुत्रं अडलं तर तुम्हीही अडा. आणि समोरासमोर गाठ पडलीच तर पळू नका, बसू नका, पाठ करू नका. हात वर करा, अंगावरची घोंगडी, टॉवेल जे असेल ते डोक्यावर धरा, ओरडा, आणि त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे या. पळणाऱ्याच्या मागे धावणं हा त्याचा स्वभाव आहे.

आता पोरांचं. वस्तीवर सगळ्यात वाईट वेळ कोणती असेल तर दिवेलागणीची. आई धार काढतेय, आजी चुलीपाशी, बाप अजून शिवारात, आणि पोर अंगणात. अंगण संपतं तिथं ऊस सुरू होतो. मधे काही नाही, कुंपण नाही, उजेड नाही. प्रत्येकाला वाटतं, पोर दुसऱ्याकडे आहे. आईला वाटतं आजीकडे, आजीला वाटतं आईकडे. सगळ्या घरांना माझं हात जोडून सांगणं आहे की सहा वाजले की मोठ्याने विचारायचं, ‘आज पोरं कुणाकडं?’ आणि कुणीतरी एकाने मोठ्याने उत्तर द्यायचं, ‘माझ्याकडं.’ घरात इतकी माणसं असूनही मूल एकटं पडू शकतं. विचारायला आणि उत्तर द्यायला पैसा लागत नाही. त्यानंतर अंगणात दिवा, घराला लागून ऊस न लावणं, शेळ्या-करडांना बंदिस्त गोठा, संडास घराजवळ आणि त्याच्या वाटेवर उजेड, ही कामं एकेक करून उरका. कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं पाणंदीच्या कडेला टाकणं तर ताबडतोब बंद झालं पाहिजे. तिथं कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं ते आपल्याला ठाऊक आहे.

एका गोष्टीवर मात्र आपण सगळेच कमी पडतो. आपल्या घरांना निदान दारं आहेत. हंगाम सुरू झाला की बीडहून, आष्टी-पाथर्डीकडून ऊसतोड कामगार येतात आणि फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं राहतात. पहाटे तीन-चारला नवरा-बायको कोयता घेऊन फडात, पोरं कोपीत किंवा बांधावर चादरीच्या झोळीत. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की गेल्या आठवड्यात इथं बिबट्या दिसला होता. गावातल्या माणसांच्या फोनवर ती बातमी तासाभरात फिरते, पण त्या झोळीपर्यंत पोचत नाही. शेतमालकांनो, मुकादमांनो, गुऱ्हाळवाल्यांनो, साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यातल्या मंडळींनो, हे तुमचं काम आहे. कोपी फडापासून लांब, एकत्र, उजेडाच्या जागी घालून द्या. फड पेटवण्याआधी, तोडणीआधी चारी बाजूंनी आवाज करा. पिल्लं सापडली तर हात लावू नका, सेल्फी काढू नका; त्यांची आई जवळच असते, माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र आणि वनखातं अशा पिल्लांची आईशी पुन्हा गाठ घालून देतं. आणि गुऱ्हाळावरच्या माणसांना हिंदीत सांगा. मराठीत लावलेला फलक त्यांच्या उपयोगाचा नाही. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्यांच्याही फोनमध्ये असला पाहिजे.

बिबट्याबद्दल एवढं बोललो, कारण तो आपल्या दारात आहे. पण बाहेर पडलेल्या माणसाला धोका चारच पायांचा असतो असं नाही.

२५ फेब्रुवारी २०२५. पहाटे पावणेसहाच्या सुमारास पुण्यात स्वारगेटला फलटणच्या गाडीची वाट बघत असलेल्या एका तरुणीजवळ एक माणूस आला. ताई म्हणून बोलला. तुमची गाडी इकडे लागलीय म्हणून सांगत तिला आगारात अंधारात उभ्या असलेल्या शिवशाहीकडे घेऊन गेला, आणि त्या गाडीत तिच्यावर अत्याचार झाला. या गुन्ह्यातला आरोपी आपल्याच शिरूर तालुक्यातल्या गुनाटचा. पुढचे दोन-तीन दिवस पोलिसांची पथकं, श्वान, ड्रोन, सगळं गुनाटच्या उसात उतरलं, आणि पोलिसांच्या बरोबरीने गावकरी उतरले. तहानेने व्याकूळ झालेला आरोपी एका घरी पाणी प्यायला आला, तिथून पोलिसांना कळवलं गेलं, आणि २८ तारखेच्या पहाटेआधी तो हाती लागला. खटला न्यायालयात आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल.

या घटनेनंतर आपल्याकडे काय झालं ते मनावर घेण्यासारखं आहे. किती घरांत मुलींना सांगितलं गेलं की आता पुण्याला जायचं नाही, पहाटेच्या गाडीने निघायचं नाही, शिकून झालं तेवढं पुरे. असं सांगणाऱ्या आईबापांचा जीव तुटत असतो हे मी जाणतो. पण गुन्हा दुसऱ्याने केला आणि शिक्षा आपण आपल्या पोरीला दिली, असं हे होतं. त्या तरुणीची काहीही चूक नव्हती. एसटीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाने ताई म्हणून गाडी दाखवली तर त्याच्यावर विश्वास ठेवावा अशीच आपली रीत आहे, आणि त्या रीतीचाच कुणी गैरफायदा घेतला. आगारात धूळ खात पडलेल्या बंद गाड्या, त्यांची उघडी दारं, अपुरा उजेड, सुरक्षारक्षकांची ढिलाई, हे सगळं त्या घटनेनंतर साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्याचा जाब महामंडळाला विचारायचा, आपल्या लेकीला नाही.

मग लेकीला काय सांगायचं? खुशाल जा, हे सांगायचं, आणि जाताना कसं बघायचं तेही सांगायचं. गाडी फलाटावर लागते. कंडक्टर गाडीपाशी असतो, चार माणसं चढत असतात, आतले दिवे लागलेले असतात. यातलं काहीच नसेल तर ती आपली गाडी नव्हे, मग सांगणारा कितीही आपुलकीने सांगो. विचारायचं ते चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या माणसाला. वाट बघायची ती उजेडात, जिथे दुसऱ्या बायका उभ्या आहेत तिथे. पोटात गोळा आला, काहीतरी बरोबर नाही असं वाटलं, तर संकोच न करता तिथून हलायचं, आवाज चढवायचा. आपण मुलींना आवाज खाली ठेवायला शिकवतो आणि मग ओरडली का नाहीस म्हणून विचारतो. आजपासून हे बदला. घरातच शिकवा, ‘नाही’ मोठ्याने म्हणायला. पोलिसांचा ११२ आणि महिलांचा १८१ हे क्रमांक त्यांच्या बोटांवर असू देत.

मुलींना इतकं सांगून माझं समाधान होत नाही, कारण खरा प्रश्न फलाटावर उभ्या असलेल्या बाकीच्यांचा आहे. पहाटे पावणेसहाला स्वारगेटला माणसं असतात. शिरूरच्या, न्हावऱ्याच्या, केडगाव-चौफुल्याच्या स्टँडवरही असतात. एखादी पोरगी अनोळखी माणसाच्या मागे अंधाराकडे जाताना दिसली तर ‘ताई, कुठल्या गाडीला निघालात? ती गाडी इकडं लागते’ एवढं म्हणायला काय लागतं? एक वाक्य. तो तिचा भाऊ निघाला तर हसून मोकळा होईल. नसला तर त्या एका वाक्याने पळेल. दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये ही शिकवण आपण पोरांना घोटून घोटून पाजली आहे. माझं उलट म्हणणं आहे. सार्वजनिक जागी दुसऱ्याच्या भानगडीत जरूर पडा, नम्रपणे पडा, प्रश्न विचारून पडा. गुनाटमध्ये ज्या घराने पोलिसांना कळवलं ते घर गप्पही बसू शकलं असतं.

पण इथंच एक जोखीम आहे. भान आणि संशय यांत गल्लत झाली तर गाव काय करून बसतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवलं. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. पाच निरपराध माणसं. त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती, पोट भरायला फिरत होती. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या पुणे जिल्ह्यातही रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती. तेव्हा एखादा वाट चुकलेला प्रवासी त्या काठ्यांच्या तावडीत सापडला असता तर? बिबट्याचे तर भलतीकडचे, जुने, बनवलेले व्हिडिओ रोज येतात. म्हणून बातमी आली की आधी विचारायचं : कुठे, कधी, कुणी स्वतः पाहिलं? तीन उत्तरं मिळाली तरच पुढे पाठवायची. अनोळखी माणूस दिसला तर त्याला पाणी विचारा, गाव विचारा, शंका वाटली तर पोलिस पाटलांना सांगा. कुणाच्याही अंगाला हात लावायचा अधिकार गावाला नाही. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे तिथे एका फोनवर सगळ्यांना एकाच वेळी इशारा जातो. ती सोय खऱ्या प्रसंगासाठी राखा. तिच्यावरून वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या तर ज्या रात्री खरा इशारा येईल त्या रात्री कुणी फोन उचलणार नाही.

चोरांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या युक्त्या जुन्याच आहेत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, गाड्या भरून वाहू लागल्या, आणि गाडीत चढतानाची रेटारेटी चोरांना फावली. डोरलं, पर्स, पिशवीतली पुरचुंडी, सगळं त्या दारातल्या दोन मिनिटांत जातं. दागिना पदराखाली आणि पिशवी पोटाशी धरून चढा. मोटारसायकलवर दोघे येऊन पत्ता विचारू लागले तर चार पावलं लांब उभं राहून सांगा. आणि ‘आम्ही पोलिस आहोत, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगणारा कधीच पोलिस नसतो, कारण खरा पोलिस रस्त्यात कुणाचे दागिने उतरवत नाही. आजीला हे आज रात्री जेवताना सांगा. ती एकटी बाजारला जाते.

उसाच्या ट्रॉल्यांकडे मात्र डोळेझाक करून चालणार नाही. हंगामात न्हावऱ्याकडे, चौफुल्याकडे, पाटसकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री किती ट्रॅक्टर असतात! एकामागे दोन ट्रॉल्या, वर दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला किंवा उसाच्या वाढ्यांत झाकलेला. पंक्चर झाली की तीच ट्रॉली रस्त्यात उभी, पुढे-मागे दोन दगड. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले की मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागाच उरलेली नसते. दर हंगामात हे घडतं, आणि आपण त्याला अपघात म्हणतो. ट्रॅक्टरवाला बहुतेक आपल्याच गावचा असतो. त्याला थांबवा. शंभर-दोनशे रुपयांची लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावल्याशिवाय आणि ती पुसल्याशिवाय गव्हाणीकडे गाडी हलवू देऊ नका. कारखान्यांनी काट्यावरच हे बघावं : पट्टी नाही, तर वजन नाही. आणि मोटारसायकलवाल्यांनो, समोरून उजेड आला की वेग कमी करा, त्या उजेडाच्या पलीकडे ट्रॉली उभी आहे असंच धरून चाला.

गर्दीच्या जागांचंही तसंच. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत तीनशेच्या घरात माणसं गेली. कुंडमळ्याला १५ जून २०२५ च्या रविवारी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघं गेली. पूल धोकादायक आहे हे सांगणारा फलक तिथं होता. फलक वाचायचा नसतो, ओलांडायचा असतो, अशी सवय आपल्याला लागली आहे. वाघेश्वराच्या यात्रेत, कुस्त्यांच्या आखाड्याभोवती, तमाशाच्या तंबूत शिरताना पहिल्यांदा बाहेर पडायची वाट बघून ठेवा. पोरांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. भीमेवरच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका, पुढच्याने घातली म्हणून तर मुळीच नाही.

आता मागणं एकच आहे, आणि ते आजच्या आज मान्य व्हावं. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ग्रामसभेत गटार आणि घरकुलावर तास तास भांडणं होतात. एक तास याला द्या. पण त्याआधी, ग्रामसभेच्या आठवडाभर अगोदर, एक संध्याकाळ ठरवा. चांदणं नसलेली, शक्यतो अमावास्येजवळची. त्या संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांनी वेशीपाशी जमायचं. सरपंच, पोलिस पाटील, शाळेचे शिक्षक, आशाताई, बचत गटाच्या बाया, तालमीतली पोरं, वायरमन आणि वनरक्षकालाही बोलवा. गटागटाने गावाच्या प्रत्येक वाटेने चालायचं : शाळेची वाट, नदीची वाट, प्रत्येक वस्तीकडे जाणारी पाणंद, स्टँड, स्मशानाकडचा रस्ता, डेअरीचा रस्ता. गटात एक शाळकरी मुलगी आणि एक म्हातारं माणूस हवंच, कारण कुठे भीती वाटते ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. जिथे ती मुलगी म्हणेल ‘इथून मी पळत जाते’, तिथे थांबायचं आणि वहीत लिहायचं. दिवा बंद आहे की नाहीच? बाभळी रस्त्यावर आल्यात? ऊस थेट रस्त्याला भिडलाय? कुणाचा मोकळा पडका वाडा आहे? फोनला रेंज आहे का? प्रत्येक नोंदीपुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख टाकायची. बाभळी तोडायला पंचायतीचा ठराव लागत नाही, रविवारी सकाळी दहा जण पुरतात. दिवे आणि दिवसाची वीज यांसाठी अर्ज लागेल. तो ती वही जोडूनच द्यायचा, म्हणजे साहेबाला टेबलावरून ‘बघतो’ म्हणून सरकवता येणार नाही. दर अमावास्येला तीच वही घेऊन पुन्हा चालायचं.

मांडवगणने सुरुवात केली तर इनामगाव करेल, इनामगावने केली तर नदीपलीकडची गावं गप्प बसणार नाहीत. कुणाची वाट बघू नका. ज्या घरातलं कुणी त्या संध्याकाळी येऊ शकत नाही, त्या घरी आदल्या दिवशी जाऊन त्यांच्या वाटेवरची अडचण विचारून घ्या. फडाच्या कडेच्या कोप्यांवरही जा, तिथल्या बायांना विचारा, आणि त्यांच्या नोंदी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.